शंभर किक्कारांचं काय? पूर्ण अंतःकरणाने प्रभूच्या मागे जाण्याची रोजची रीत

यहूदाचा राजा अमस्या याच्याबद्दल बायबलमधल्या दुसऱ्या इतिहासाच्या 25व्या अध्यायात एक चमत्कारिक वाक्य आहे. परमेश्वराच्या दृष्टीने जे योग्य ते त्याने केलं, पण पूर्ण मनाने केलं नाही. म्हणजे काय, ते पुढच्या गोष्टीत कळतं. लढाईसाठी त्याने इस्राएलातून एक लाख शिपाई भाड्याने आणले आणि त्यांच्यासाठी शंभर किक्कार चांदी मोजली. एक किक्कार म्हणजे साधारण तीस-चौतीस किलो, तेव्हा एकूण तीन टनांच्या आसपास चांदी. देवाचा माणूस येऊन म्हणाला, यांना परत पाठव. त्यावर अमस्याचा पहिला प्रश्न होता, मग मी दिलेल्या शंभर किक्कारांचं काय?

शेवटी शिपाई त्याने परत पाठवले. नुकसान सोसलं, लढाई जिंकली. आणि जिंकून येताना हरलेल्या लोकांची दैवतं सोबत आणून त्यांच्यापुढेच धूप जाळू लागला.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हिशेबाच्या वह्या मी बरीच वर्षं लिहिल्या. तेवढ्या काळात मला दुष्ट माणसं फारशी भेटली नाहीत, अमस्या मात्र पुष्कळ भेटले. रविवारची उपासना चुकत नाही, दानाचं पाकीट येतं, सुगीच्या सणाला भोपळा-कोंबडी येते, लिलावात बोलीही लागते. पण प्रत्येकाचा एक शंभर किक्कारांचा प्रश्न असतो आणि तो देवापुढे मांडायचा राहून जातो. माझाही होता, आहे. त्या प्रश्नाशी प्रत्यक्ष काय करायचं, तेवढ्यापुरता हा लेख. शिबिराच्या शेवटच्या रात्री स्वतःला प्रभूला अर्पण करतो म्हणून हात वर केलेल्या आणि सोमवारी सकाळी दुधाची पिशवी आणायला निघालेल्या माणसासाठी.

आधी एक गैरसमज

पूर्ण अंतःकरण म्हणजे उचंबळून येणं, अशी आपली समजूत असते. इब्री भाषेत अंतःकरण ही विचार करण्याची आणि ठरवण्याची जागा आहे, भावना त्यात आल्या, पण तेवढ्याच नाहीत. बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या 6व्या अध्यायातली, पूर्ण अंतःकरणाने देवावर प्रीती कर ही आज्ञा येशू मार्कच्या शुभवर्तमानात पुन्हा सांगतो तेव्हा 'पूर्ण बुद्धीने' हे शब्दही येतात. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून समर्पण खोटं ठरत नाही, आणि आलं म्हणून खरंही ठरत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. एवढं झाल्यावर, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला काय उमगलं ते त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं आहे: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो मिळालेला नव्हता. ही बाई आळशी नव्हती, ढोंगी तर नव्हतीच. तरी काम पुढे होतं आणि अंतःकरण मागे. 1896-97च्या दुष्काळात मुलींना आणून केडगावला आसरा देणं, इब्री-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवणं, हे सगळं त्यानंतरचं. ते भाषांतर 1922 मध्ये मृत्यूपर्यंत चाललं. आपल्याला उशीर झाला असं ज्यांना वाटतं त्यांनी या तारखा लक्षात ठेवाव्यात.

वही आणि एक संध्याकाळ

लूकच्या 14व्या अध्यायात येशू म्हणतो, बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या. 'बसून' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. उभ्या-उभ्या, गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात, खर्च मोजता येत नाही.

तर एक संध्याकाळ काढा. दोन तास पुरतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, वही घ्या, आणि 86व्या स्तोत्रातली ती ओळ म्हणा: 'माझे चित्त एकाग्र कर.' मग मागच्या महिन्याचा खरा हिशेब लिहा. पैसे कुठे गेले, ते पासबुक किंवा यूपीआयच्या यादीवरून. वेळ कुठे गेला, ते मोबाईलच्या स्क्रीन टाइमवरून. आपल्या मनाचा अंदाज इथे कामाचा नाही, तो नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देतो. मग माणसं: कुणाचं नाव निघालं की घशात काहीतरी अडतं? शेवटी असं एक पान, जे घरातल्या कुणी वाचू नये असं वाटेल. ते खरं पान.

या वहीत एक गोष्ट बाकीच्यांपासून वेगळी दिसेल. तिच्याजवळ आलं की मन लगेच दुसरा विषय काढतं किंवा कारणं देऊ लागतं: हे काय पाप थोडंच आहे, सगळेच करतात, मुलांचं शिक्षण झालं की बघू. तिथे रेघ मारा. ते तुमचे शंभर किक्कार.

दुसऱ्याचे किक्कार आपल्या वहीत लिहू नका. श्रीमंत तरुणाला येशूने सगळं विकायला सांगितलं. जक्कया या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं आणि येशूने उरलेली मागितली नाही. भूतग्रस्त बरा झालेला माणूस सोबत येऊ द्या म्हणून विनवत होता, तर त्याला परत घरी आपल्या माणसांत पाठवलं. येशूला घरी उतरवून घेणाऱ्या मार्था-मरीया बहिणींचं घर घरच राहिलं. एकाच गुरूने चौघांना चार वाटा दाखवल्या. तेव्हा 'पूर्ण समर्पण म्हणजे नोकरी सोडून सेवेत येणं' असं कुणी सांगितलं तर आदराने ऐका आणि आपल्या वहीकडे परत या.

मागचं देणं

ही पायरी सगळ्यांत जड, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो. बहुतेक जण हिच्यावरून उडी मारून थेट उपासतापासाला लागतात.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. गालीलात ऐकणाऱ्यांसाठी वेदी यरुशलेमेत होती, पायी काही दिवसांच्या वाटेवर. म्हणजे दान ठेवून परत जाणं, समेट करणं आणि पुन्हा येणं, केवढं काम! येशूने ते सवलतीत सांगितलं नाही.

वहीतल्या नावांचे तीन ढीग करा. पहिला, पैशाचा. कुणाचे घेतले, बुडवले, मापात मारले, बांध सरकवला, भावाच्या सहीशिवाय सातबाऱ्यावर काही करून घेतलं. जक्कयाने चौपट परत करायचं कबूल केलं, तुम्ही मुद्दलापासून सुरुवात करा, पण तारीख घालून. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि समोरच्याला सांगा. जमिनीच्या बाबतीत आधी कागद जाणणाऱ्या वकिलाला विचारा, भावनेच्या भरात सही करू नका. सरळ मनाने केलेला चुकीचा कागदसुद्धा पुढच्या पिढीला भांडायला पुरतो.

दुसरा ढीग जिभेचा. इथे माफी मागताना 'जर तुला वाईट वाटलं असेल तर' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. त्यात जर आहे, म्हणजे माफी नाही. असं म्हणा: 'मी अमुक ठिकाणी तुझ्याबद्दल अमुक बोललो. ते खोटं होतं. जिथे बोललो तिथे जाऊन ते दुरुस्त करतो.' मग थांबा. समोरच्याने लगेच माफ करावं ही अपेक्षा धरणं म्हणजे त्याच्याकडून आणखी काहीतरी घेणं.

तिसरा ढीग असा की जिथे गेल्याने समोरच्याची जखम नव्याने उघडेल, किंवा जिथे जाणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे समेटाच्या नावाखाली परत जायला सांगणं हे शुभवर्तमान नाही. असं नाव आधी एखाद्या जाणत्या, तोंड बंद ठेवणाऱ्या माणसापुढे मांडा. कॅथलिक वाचकांना पापनिवेदनाची वाट आहेच. आम्हा प्रोटेस्टंटांकडे ती वाट आपली आपण शोधावी लागते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक जण शोधतच नाहीत.

करार: अर्ध्या पानाचा

आता लिहायचं. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1755 साली लंडनमध्ये कराराची उपासना सुरू केली. लोकांनी एकत्र येऊन आपण स्वतःचे नसून देवाचे आहोत हे मोठ्याने कबूल करायचं. मेथडिस्ट मंडळ्यांत नव्या वर्षाच्या आरंभी ही उपासना आजही होते. तुमच्या मंडळीत नसेल तर घरी करा.

कागद लहान असावा. वर तारीख. मग दोन वाक्यं ज्यांत काही अट नाही. मग फक्त दोन नेमक्या गोष्टी. मला जमलेला नमुना असा:

'प्रभू, मी तुझा आहे. तू देशील ते काम आणि तू ठेवशील ती जागा मी घेईन. या वर्षी मी धाकट्या भावाचे राहिलेले पैसे दिवाळीपर्यंत फेडीन. रात्री साडेनवानंतर मोबाईल स्वयंपाकघरात ठेवीन.'

दोनच का? उपदेशकाच्या 5व्या अध्यायात स्पष्ट आहे: नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. इफ्ताहाने घाईत बोललेल्या नवसाचा शेवट शास्त्यांच्या 11व्या अध्यायात वाचा, परत कधी जोशात शपथ घेणार नाही. आणि नमुन्यात 'मी जास्त प्रार्थना करीन' असं वाक्य नाही हे पाहा. जास्त म्हणजे किती, ते न लिहिल्याने मोडलं की नाही हे कळतच नाही, आणि ही सोय आपल्याला फार आवडते.

कागदावर एका साक्षीदाराची सही घ्या. नवरा-बायकोने एकमेकांचे साक्षीदार व्हावं की नाही, याचं उत्तर घर पाहून द्यावं. काही घरांत ते भांडणाचं हत्यार होतं.

नवरा, बायको, घर

नारायण वामन टिळक हे आपल्या मराठी मंडळीचं केवढं मोठं नाव. त्यांची भजनं म्हणतच आपण वाढलो. पण 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतलेलं नव्हतं. पुढे जवळजवळ पाच वर्षं दोघांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी ते दिवस हसत-हसवत लिहिले, म्हणून आपण ते सोपे समजतो. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, तेव्हाही संसार बाईंच्याच डोक्यावर होता. टिळकांच्या अंतःकरणाच्या पूर्णतेबद्दल मला शंका नाही. त्यांच्या वेळेची सामाजिक कोंडीही मला ठाऊक आहे. तरी आजच्या वाचकाला मी सांगेन: मोठा निर्णय, म्हणजे गाव सोडणं, नोकरी सोडणं, मोठं दान, हे जोडीदाराला सांगितल्याशिवाय करू नका. त्याची तयारी नसेल तर थांबा. थांबणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे.

घरात ज्यांचा विश्वास वेगळा आहे त्यांच्यासमोर तुमचं समर्पण भाषणातून दिसू नये, भांड्यांच्या मोरीत दिसावं. सासूबाईंच्या औषधाची वेळ तुम्हाला पाठ झाली तर प्रार्थनेला बसताना कुणी आडवं येत नाही, हा अनुभव अनेक सुनांनी सांगितला आहे.

मार्कच्या 7व्या अध्यायातला 'कुर्बान' विसरू नका. आईबापांना जे द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत सुनावलं.

रोजचा वेळ

यावर पुस्तकं भरून लिहिलं गेलं आहे, मी थोडक्यात उरकतो. जागा एक, वेळ एक, पंधरा मिनिटं. सुरुवात मार्कपासून करा, 16 अध्याय, सोळा दिवस. नंतर अख्खा नवा करार: 260 अध्याय. आठवड्याचे पाच दिवस एकेक वाचला तर बरोबर 52 आठवडे, आणि दोन दिवस चुकलं तरी फरक पडत नाही. पहिल्याच वर्षी अख्खं बायबल काढणारे फेब्रुवारीत लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात आणि मग अपराधी मनाने वर्ष काढतात. एक अध्याय, एक ओळ वहीत, ती ओळ धरून प्रार्थना. मन लागत नसेल त्या दिवशी 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकातलं एखादं भजन मोठ्याने म्हणा. आवाज बरा नसला तरी चालतो.

नोकरीचे आठ-दहा तास या हिशेबाबाहेर समजू नका. 'जिवेभावे करा' हे कलस्सैकरांच्या 3ऱ्या अध्यायातले शब्द दासांना उद्देशून आहेत, ज्यांना कामाचा मोबदलाही धड नव्हता. उशिरा जाऊन हजेरीवर वेळेची सही करणारा माणूस संध्याकाळी प्रार्थनासभा चालवतो तेव्हा त्याच्या खात्यातले लोक आत येत नाहीत, यात नवल नाही.

पैसा

पहिल्या करिंथकरांच्या 16व्या अध्यायात पौलाची रीत साधी आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, जशी प्राप्ती तसं, बाजूला काढून ठेवायचं. महिन्याच्या शेवटी उरलं तर द्यायचं, असं नाही. दशांश हा बहुतेकांना चांगला आरंभ. पण सावकाराचं कर्ज डोक्यावर असताना नवं कर्ज काढून दान देऊ नका. थोडं द्या, नियमित द्या, आणि आधी सावकार मिटवा. जवळच्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, दान करणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट सांगून कर्जबाजारी बाईकडून पाकीट घेणारे मी पाहिले आहेत. त्या गोष्टीच्या अगदी आधीच्या ओळींत येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलतो, ते मात्र प्रवचनात येत नाही.

यालाच लागून एक इशारा. समर्पण ख्रिस्ताला करायचं असतं, प्रचारकाला नाही. कुणी म्हणालं की इतके दे म्हणजे तितके येतील, औषध बंद कर, घरच्यांशी बोलणं तोड, मला न विचारता लग्न ठरवू नको, तर तिथून चपला घालून निघा. मधुमेहाची गोळी घेणं हा अविश्वास नाही.

एक सोबती

वेस्लींच्या मंडळ्यांत सुमारे बारा जणांचे वर्ग होते, दर आठवड्याला एकमेकांच्या जिवाची विचारपूस करणारे. ते सुरू झाले 1742 मध्ये ब्रिस्टलमध्ये, प्रार्थनाघराच्या बांधकामाचं कर्ज फेडायला आठवड्याला एकेक पेनी गोळा करण्यासाठी. पैसे मागायला घरोघरी गेलेल्यांना घरांतली खरी स्थिती दिसली आणि वसुलीची सोय आत्म्याच्या देखभालीची सोय झाली. मंडळीच्या खजिनदारांनी हे वाचून थोडी उमेद धरावी.

तुम्हाला बारा जण नकोत, एक पुरे. आपल्याच लिंगाचा, शक्यतो नात्यातला नसलेला, आणि ज्याला तुमच्याकडून काही फायदा नाही असा. आठवड्याला अर्धा तास, चहाच्या टपरीवरसुद्धा चालेल. प्रश्न तीन: कागदावरच्या दोन गोष्टींचं काय झालं? या आठवड्यात कुठे खोटं वागलास? आता यांतलं कुठलं उत्तर खोटं होतं? तिसरा प्रश्न विचारताना दोघांनाही हसू येतं. विचारा तरी.

मोडेल तेव्हा

मोडणारच. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, नवलाई संपली की.

योहानाच्या 18व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा राहून येशूला नाकारतो. 21व्या अध्यायात समुद्रकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, आणि येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. तीन नकारांना तीन प्रश्न होतात ते जेवणानंतर. हा क्रम मला फार उपयोगी पडला आहे.

करायचं एवढंच: त्याच दिवशी कबूल करा, रविवारची वाट पाहू नका. सोबत्याला एक ओळीचा मेसेज टाका, कारणं न देता. शिक्षा म्हणून दुप्पट उपवास लावून घेऊ नका, त्यात पुन्हा 'मी' मोठा होतो. आणि कागदातली गोष्ट मुळात अवाजवी होती असं दिसलं, तर सोबत्यासमोर ती खोडून छोटी लिहा, एकट्याने खोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, इच्छा सगळंच गेलं असेल तर तो आळस किंवा पाप म्हणून स्वतःला झोडपू नका, डॉक्टरला दाखवा.

31 डिसेंबरच्या रात्री, वर्ष सरण्याची उपासना सुरू व्हायच्या आधी, कागद काढा. जे फिटलं त्यावर तारीख टाका. जे राहिलं ते नव्या कागदावर उतरवा, नवं काही जोडायच्या आधी. माझ्या बायबलात असे सहा कागद आहेत. त्यांतली एक ओळ तिसऱ्या कागदापासून दर वर्षी खाली उतरते आहे. भावाचं नाव तेच, आकडा मात्र कमी होत होत यंदा चार हजारांवर आला आहे.